मशीनने पास केलेलं इंजिन

“साधनाताई, आवाज एक नंबर आलाय. फक्त ती टकटक तेवढी काढा,” फोनवर ज्ञानेश म्हणाला.

साधनाने गेम थांबवला. पडद्यावर जमिनीला टेकेल इतकी बुटकी, लालभडक परदेशी गाडी उभी होती आणि तिच्या बॉनेटखाली माल वाहणाऱ्या छोट्या टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलेलं होतं. हा उद्योग साधनाचाच. गेमच्या फाइली उघडून, व्हिडिओ बघून, चुकत चुकत शिकलेली. रविवारच्या ऑनलाइन शर्यतीत ज्ञानेशच्या ग्रुपमधले चाळीस जण हीच गाडी पळवणार होते.

“टकटक राहील,” ती म्हणाली.

“अहो, पब्लिक हसेल. गाडी आजारी वाटते.”

“आजारीच आहे ती.”

“मग दुसरं इंजिन रेकॉर्ड करा ना!”

“कुठून? लाइन मार्चमध्येच बंद झाली. आता तिथं बॅटऱ्या बनतात.”

एकोणीस वर्षं साधना कारखान्यातल्या त्या इंजिनांच्या लाइनच्या शेवटच्या टोकाला उभी होती. चालू इंजिनाला लोखंडी सळई टेकवायची, दुसरं टोक कानामागच्या हाडाला लावायचं, आणि पास की परत ते सांगायचं. मग सेन्सर आला आणि तिला पॅकिंगला धाडलं. शेवटचं इंजिन निघालं त्या दिवशी हार घालायला सगळे जमले, तेव्हा हिने सवयीने सळई टेकवली. आत झडपा उघडणारं टॅपेट टकटक वाजत होतं.

“सर, हे परत पाठवा.”

सुपरवायझर सर हसले. “मशीनने पास केलंय, मॅडम. चला, फोटोत या.”

ती फोटोत गेली नाही. सळईच्या टोकाला फोन चिकटपट्टीने बांधला आणि टेस्ट बेंचवर ते इंजिन मंद, मध्यम, फुल्ल फिरत असताना सगळं रेकॉर्ड करून घेतलं. गेममधल्या बाकीच्या गाड्या सायलेन्सरमधून गरजायच्या. हिची पोटातून बोलायची.

“मग गाडी यादीतून काढावी लागेल, ताई,” ज्ञानेश अवघडून म्हणाला.

“काढ.”

“दोन महिने घातलेत तुम्ही हिच्यावर!”

“एकोणीस वर्षं घातलीत. काढ म्हटलं ना!”

रविवारी चाळीस जण दुसऱ्या गाड्या घेऊन पळाले. साधनाने जेवणाची भांडी आवरली, रिकामा ट्रॅक उघडला, स्पीकर लावला आणि एकटीच निघाली. वरच्या मजल्यावरून सुमनताईंनी फरशीवर लाटणं ठोकलं. साधनाने आवाज आणखी वाढवला.

बाहेरच्या खोलीत शेखर, तिचा नवरा, पाय पसरून पडला होता. चाकण-तळेगाव टेम्पो मारण्यात निम्मं आयुष्य गेलेला माणूस. बायकोच्या या नादाला तो ‘पोरखेळ’ म्हणायचा. गाडी तिसऱ्या वळणावर आली तसा तो उठून दारात उभा राहिला.

“ए, बाजूला घे गाडी.”

“का?”

“टॅपेट वाजतंय की! कुणी पास केलं हे? असंच दामटलंस तर इंजिन बसेल.”

साधनाने गाडी कडेला घेतली. इंजिन मात्र चालूच ठेवलं. शेखर तिच्याशेजारी टेकला आणि मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत राहिला.