बारा यंत्रांचा एकच मासा

प्रिंटरमधून चौथं पान बाहेर आलं आणि बुनमानं त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"मेल्या, तेच तेच काय ओकतोयस?"

चारही पानांवर एकच चित्र! काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचं रान आणि मधोमध एक मांगूर मासा. हो, मासाच. पसरट डोकं, मिशा, शेपटीपाशी एक पांढरं बेट. पाचवं पान आलं. मासा. सहावं. मासा. दुसरा धपाटा बसणार तेवढ्यात तिचं लक्ष कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांकडे गेलं. यंत्र एक, यंत्र दोन, यंत्र तीन... प्रिंटर बिचारा निर्दोष होता. पानं वेगवेगळीच होती, मासा तेवढा सगळीकडे तोच.

थायलंडमधल्या खोन केनच्या विद्यापीठात, भौतिकशास्त्र विभागात, बुनमा सव्वीस वर्षं होती. आली ती टंकलेखिका म्हणून. टंकयंत्रं गेली, ती राहिली, आणि संगणकखोली तिच्या गळ्यात पडली. मुलांचे प्रोग्राम रांगेत लावायचे, चालू करायचे, संपले की कळवायचं. सगळे तिला 'पा' म्हणत, आईहून मोठ्या मावशीला म्हणतात तसं. या सप्टेंबरच्या शेवटी तिची साठी आणि निवृत्ती, म्हणजे तीनच आठवडे उरलेले. पडद्यावरच्या त्या ठिपक्यांचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता, आणि तिनंही विचारला नव्हता. पण बघायची मात्र हौसेनं! प्रोग्राम संपला की शेवटचं चित्र उघडायचं आणि ढगांत शोधतात तसं काहीतरी शोधायचं. कधी म्हैस, कधी देवळाचं छप्पर, एकदा तर हुबेहूब विभागप्रमुखांचं नाक.

आणि दोन ढग कधी सारखे नसतात, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

चित्रं खिंगची होती. खिंग म्हणजे आलं, आणि पोरगी नावासारखीच तिखट. सोमवारी तिच्या प्रबंधाची परीक्षा. विभागात पहिल्यांदाच कुणी एक प्रयोग बारा यंत्रांवर बारा वेळा चालवला होता. तिचा आलेख इतका स्वच्छ, इतका देखणा आला होता की तिच्या सरांनी सगळ्यांना नारळाचं आइस्क्रीम खिलवलं. चूक किती असू शकते ते दाखवणाऱ्या उभ्या रेघा कुठे दिसतच नव्हत्या. "ठिपक्यांखाली झाकल्या गेल्यात," खिंग ऐटीत म्हणाली होती.

बुनमा खुर्चीत बसली. प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला एक ओळ तिच्या हातची असायची: बीज. खिंगनं सांगितलं होतं, "तिथे वाट्टेल तो आकडा टाका, पा." आणि बुनमाला वाटायचा तो आकडा एकच. नऊ! त्यांच्या भाषेत 'नऊ' आणि 'पाऊल पुढे टाकणं' यांचा उच्चार एकच, म्हणून गाडीची पाटी असो की लग्नाची तारीख, नऊ हवाच. इतकी वर्षं प्रत्येक मुलासाठी, कुणाला न सांगता, तिनं तिथे नऊ टाकला होता. मनगटाला आशीर्वादाचा पांढरा दोरा बांधावा तसा.

तिनं एक चिमुकला प्रोग्राम घेतला. बीज नऊ. बेडूक आला. पुन्हा नऊ. तोच बेडूक, तोच फुगलेला गळा! मग श्वास रोखून तिनं आठ टाकला. बेडूक गायब, त्याच्या जागी नदीचा फाटा. सात. अकरा. दोनशे. दर वेळी नवंच काहीतरी! साठीला टेकलेली बाई खुर्चीत शाळकरी पोरीसारखी उसळत होती. आपण एक प्रयोग केला, आणि तो जमला!

आणि मग तो आनंद जागच्या जागी थिजला. बारा यंत्रं. बारा नऊ.

पानं खणात टाकली असती तर? सोमवार निघून गेला असता, तीन आठवड्यांनी तीही. पानं घेऊन ती सरळ उपाहारगृहात गेली. खिंग पपईच्या कोशिंबिरीबरोबर चिकट भाताचे गोळे हाणत होती.

"खिंग, ते तुझे चौकोन करतात तरी काय गं?"

"हे आत्ता विचारताय? सव्वीस वर्षांनी?"

"आत्ता विचारतेय. सांग."

"प्रत्येक चौकोन चार शेजाऱ्यांकडे बघतो. थंडी असली की सगळे शेजाऱ्यांची री ओढतात, मग सगळं काळं नाहीतर सगळं पांढरं. तापलं की कुणी कुणाला जुमानत नाही. मध्ये एक नेमकं तापमान असतं, पाण्याचं बर्फ व्हावं तसं तिथे सगळं पालटतं. ते मी शोधतेय."

"आणि बीज?"

"त्यातून फासे पडतात. शेजाऱ्याचं ऐकायचं की नाही, त्याचे फासे. गोंगाट हो, पा! तो नसेल तर पानही हलणार नाही. पण बारा ठिकाणी बारा तऱ्हेचा गोंगाट हवा. त्याची सरासरी काढली की खरं काय ते उरतं."

बुनमानं पानं पुढे सरकवली. तिसऱ्या पानाशी खिंगच्या हातातला भाताचा गोळा तसाच राहिला.

"पा, बीज काय टाकलं होतंत?"

"नऊ."

"कुठे?"

"सगळीकडे. तुझं चांगलं व्हावं म्हणून."

खिंग हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि मग नुसतं पाणीच उरलं. "रेघा झाकल्या नव्हत्याच! नव्हत्याच तिथे! बारा वेळा एकच उत्तर, मग फरक येणार कुठून? मी शहाणी एकदा आकडा छापून बघत नाही..."

"हात माझा होता."

"आणि 'वाट्टेल तो' म्हणणारं तोंड माझं."

"सोमवारी हेच दाखवलंस तरी कुणाला कळायचं नाही," बुनमा म्हणाली. नुसतं म्हणून पाहिलं.

"तुम्हाला कळलं ना?" खिंगनं नाक पुसलं. "आज बुधवार. आत्ता लावलं तर रविवारी संध्याकाळी संपेल. उठा!"

बीज यंत्रालाच निवडू द्यावं, असं खिंगचं मत. बुनमानं ऐकलं नाही. एकतीस, चारशे दोन, सतरा... सहाव्या यंत्रावर तिनं सहा टाकला आणि खिंग किंचाळली. त्यांच्याकडे 'सहा' आणि 'सांडणं' हेही एकाच उच्चाराचे.

"पा! सहा नको हं!"

"असू दे की. त्याचाही गोंगाट ऐकू," म्हणत बुनमानं कळ दाबली.

रविवारी बारा यंत्रांवर बारा चित्रं आली. मासा एकातही नव्हता. आलेखाला लांबच लांब रेघा फुटल्या होत्या, जणू केसाळ सुरवंट. ते नेमकं तापमान आता नेमकं राहिलं नव्हतं. इथपासून इथपर्यंत कुठेतरी, एवढंच म्हणता येत होतं.

सोमवारी परीक्षेच्या खोलीत बुनमा पाण्याचे पेले घेऊन शिरली तेव्हा आचान राचनी, म्हणजे प्राध्यापक राचनी, चष्म्यावरून आलेखाकडे बघत होत्या. बँकॉकहून आलेल्या परीक्षक. त्यांचं नुसतं नाव ऐकलं की मुलं प्रबंध पहिल्या पानापासून पुन्हा तपासायला घ्यायची.

"मागच्या महिन्यात मसुदा पाठवलास, त्यात या रेघा नव्हत्या."

"त्यात बाराही यंत्रांवर एकच गोंगाट होता, आचान," खिंग म्हणाली. "चूक माझी."

"माझी," दारातून आवाज आला. सगळ्या माना वळल्या. "बीज मी टाकते. सगळीकडे नऊ टाकला होता."

कुणीतरी फिसकन हसलं. राचनी हसल्या नाहीत. "आणि चूक सापडली कुणाला?"

"त्यांनाच," खिंग म्हणाली. "चित्रं बघून."

"मी तो मसुदा तीनदा वाचला," राचनी सावकाश म्हणाल्या. "आकडे बघितले, चित्रं उघडलीच नाहीत." मग खिंगकडे वळून, "आता या आलेखावर माझा विश्वास बसतोय. पुढे बोल."

पण खिंगनं तोंड उघडण्याआधी त्या खुर्चीतून उठल्या आणि दाराकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. कपाळापर्यंत नेऊन, आधी त्यांनी. खरं तर लहानानं आधी हात जोडायचे, मोठ्यानं मग, अशी तिथली रीत. आचाननं कार्यालयातल्या बाईला आधी हात जोडलेले त्या खोलीत कुणी पाहिले नव्हते.

बुनमाचे दोन्ही हात ट्रेमध्ये अडकलेले. टेबलभर कागद पसरलेले, ट्रे टेकवायला वीतभर जागा नाही. तिनं पेल्यांवरून जमेल तेवढी मान खाली घातली. राचनी खाली बसल्या, खिंग बोलायला लागली, तरी ती मान वर यायला बराच वेळ लागला.