वादळाच्या नकाशाची कॅसेट

मी साठ मिनिटांची कॅसेट बोलतेय, पण माझ्याकडून गाण्याची अपेक्षा ठेवू नका. मला लावलंत तर आधी कुणाचा तरी आवाज येईल आणि मग बराच वेळ एक किर्र नाद, वाऱ्यात ऊस सळसळावा तसा. त्या नादात वादळाचा नकाशा काढणारा प्रोग्रॅम आहे.

माझा जन्म कुठे झाला ते आठवत नाही. एका चाकावरून दुसऱ्या चाकावर जाताना मला अर्धवट झोप लागते आणि जुन्या गोष्टी तिच्यात विरघळून जातात. नीट आठवतं ते डिसेंबर १९८५ पासून. आमच्या बेटावरच्या बो बासें गावात राधाकृष्ण नावाचे गृहस्थ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत. शनिवारी दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढलं की पाच-सहा मंडळी आत जमत. दुरुस्त होऊन पडलेला कुणाचा तरी टीव्ही, त्याला जोडलेला रबरी बटणांचा छोटा कम्प्युटर आणि टेपरेकॉर्डरमध्ये मी.

रेडिओवर वादळाची जागा सांगितली की ते आकडे टाकायचे. मग पडद्यावर बेट, वादळाची वाट आणि दोघांमधलं अंतर उमटायचं. हा प्रोग्रॅम कुणा एकाचा नव्हता. ज्याला हवा त्यानं उतरवून न्यावा, त्याच्या ओळी वाचाव्यात, सुधाराव्यात आणि सुधारणा परत आणून द्यावी. नियम एवढाच, की आधीच्यांचे आवाज शेवटपर्यंत ऐकायचे, नवी प्रत त्यांच्या पुढच्या कोऱ्या फितीवरच भरायची आणि भरण्याआधी आपल्या तोंडानं सांगायचं, मी कोण आणि काय बदललं. माझ्या फितीवर माणसं अशी एकापुढे एक उभी होती.

१० जानेवारी १९८७ ला देवकी आली. सतरा वर्षांची, प्लेन दे पपाय गावची. पोर्ट लुईला बस बदलून आलेली. तासभर मागे उभी राहिली आणि मग हळूच म्हणाली, "काका, बेट उलटा कशाला हाय?"

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. खरंच, पडद्यावर उत्तर खाली होती. वर्षभर मंडळी मान वाकडी करून बघत होती आणि नवीन येणाऱ्यालाही तसंच बघायला शिकवत होती.

"सवय होते गे," गोवर्धन म्हणाला. हा सरकारी कचेरीतला कारकून, मंडळीतला सर्वांत बोलका. "मान दुखली तर बाम हाय माझ्याकडे."

राधाकृष्ण मात्र खुर्चीवरून उठले. "तूच कर सरळ," म्हणाले आणि बाजूच्या स्टुलावर बसून त्यांनी दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबले. नवख्याच्या हाती बटणं असली की ते असेच बसत, कारण त्यांचे हात शिवशिवत.

पुढच्या शनिवारी तिला दोष सापडला. नुसता नकाशा तपासायचा म्हणून तिनं बाकीच्या ओळी काढून टाकल्या, एका ओळीत वजाचं चिन्ह घातलं, आणि बेट सरळ उभं राहिलं! तेव्हा सगळे कोपऱ्यावर दालपुरी खायला गेले होते. आता नियमाप्रमाणे फितीवर बोलायचं होतं. ही शहरातली मंडळी, आणि तिची मराठी घरातली, अर्धी क्रेओल बोली मिसळलेली. कुणी ऐकायच्या आत उरकावं म्हणून तिनं कुणाचाच आवाज ऐकला नाही, तोंडानं काही सांगितलं नाही. मला पार सुरुवातीला नेलं आणि भरायचं लाल बटण दाबलं.

मी ओरडले असते, पण माझ्याजवळ दुसऱ्यांचेच आवाज असतात.

मधे थोडी जागा सोडून तिनं ती अर्धीमुर्धी प्रत दोनदा भरली, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून, आणि मशीन बंद केलं. माझ्यावर पूर्ण प्रोग्रॅम दोनच होते. तिची एकेक प्रत त्यांच्या एकेका तोंडावर, म्हणजे सुरुवातीच्या भागावर पडली, आणि तोंड पुसलं की उरलेला भाग मशीनला वाचता येत नाही.

मंडळी परतली, तर जुना प्रोग्रॅम काही केल्या चालेना. "आयो! सिक्लोन यायच्या आधीच छप्पर गेला," गोवर्धन हसला. देवकीनं पिशवी उचलली आणि ती थेट बसथांब्यावर गेली.

२४ तारखेला तिची खुर्ची रिकामी होती. क्युर्पिपच्या इंद्रदेव मास्तरांनी पूर्वी उतरवून नेलेली प्रत परत आणली, म्हणून प्रोग्रॅम वाचला. बेट मात्र पुन्हा उलटं.

"तिची दुरुस्ती मी घालतो. पाच मिनिटांचा काम," गोवर्धन म्हणाला.

"नको. ती घालेल," राधाकृष्ण म्हणाले.

"आणि ती नाय आली तर?"

रविवारी मला सदऱ्याच्या खिशात घालून राधाकृष्ण बसमध्ये बसले. दोन्ही बाजूंना ऊस होता आणि मी त्यांच्या छातीच्या ठोक्यावर डुलत होते.

अंगणात देवकीची आई, बसंती, भेटली. "पोर खोलीत हाय. म्हणते, लोकांचा काम बुडवला, आता तोंड कसा दाखवू."

राधाकृष्णांनी समजूत घातली नाही. दाराच्या पडद्याकडे बघून त्यांनी विचारलं, "देवकी, ओळ दोनशे तीसमध्ये वजाचं चिन्ह कुठे टाकलंस? मला सापडत नाही."

पडद्याआडून उत्तर आलं.

"दोनशे तीसात नाय. दोनशे साठात."

"असं होय? येऊन दाखव. वर्षभर उलटं बघून माझा डोळा बिघडलाय."

पडदा हलला. "गोवर्धनभाय हसेल."

"हसेल. तो माझ्यावरपण हसतो. पा पेर. घाबरू नको."

"जा गे," बसंती म्हणाली. "दोन बस धरून माणूस दारात आला."

३१ जानेवारीला ती आली. मास्तरांच्या प्रतीत तिनं स्वतःच्या ओळी घातल्या, एकही जुनी ओळ न काढता. मग मला ऐकत ऐकत फितीच्या मोकळ्या भागावर आणलं आणि लाल बटण दाबलं.

"मी देवकी, प्लेन दे पपायची. बेट सीधा केला. आधीचा मी पुसला, कुणाचा न ऐकता."

"मोठ्यानं बोल, कॅसेटला कान थोडेच हायत!" गोवर्धन मागून म्हणाला, आणि त्याचंही वाक्य माझ्यावर उमटलं. देवकी हसली, तेही उमटलं.

आता १९८९ आहे. प्रोग्रॅम फ्लॉपी चकतीवर गेलाय. माझी फीत सैल झाली आहे आणि मी दिवसचे दिवस पेंगते. देवकी पोर्ट लुईच्या एका कचेरीत नोकरी करते, पण शनिवारी इथे येते. कुणी नवं आलं की पहिल्यांदा मलाच त्याच्या हातात देते. "हिच्यावर काय पण भर. पुसला तर पुसला." सुरुवातीला मला वाईट वाटलं, की मी एवढी टाकाऊ झाले? मग कळलं, की असं सांगितलं की नवख्याच्या बोटांचा ताठरपणा जातो.

गेल्या महिन्यात कामिनी नावाच्या मुलीनं देवकीचाच आवाज पुसला, ते बेट सीधा केल्याचं वाक्य, हसण्यासकट. कळल्यावर ती रडवेली झाली. देवकी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं खुर्ची ओढली.

"कोरेक, चालेल. तू काय भरलास ते लाव. ऐकू दे."

माझ्यावर आता जुनं फारसं काही उरलेलं नाही. तुम्ही कधी त्या दुकानात आलात तर माझी काळजी करू नका. तुमचं नाव सांगा आणि दाबा ते लाल बटण.