सात किलोच्या आत

स्वतःच्या सामानाने दर्शना तायडेची बॅग कधी चार किलो आठशे ग्रॅमच्या वर गेली नाही, आणि तिच्या सगळ्या तापाचं मूळ तेच होतं.

ती मुलुंडला राहायची आणि अंधेरीच्या एका कंपनीसाठी डायलिसिसची मशीनं विकायची. सोमवारी इंदूर, बुधवारी नागपूर, पुढच्या आठवड्यात हुबळी. डॉक्टरांना भेटायचं, मशीन समजावून सांगायचं, रात्र लॉजवर काढायची आणि दुसऱ्या दिवशी परत. सात वर्षं हेच चाललं होतं. पहिल्या वर्षी तिने पांढरा कुर्ता घालून विमानात कॉफी मागितली होती आणि भोपाळची अख्खी मीटिंग फाइल छातीशी धरून केली होती. तिथून ती शिकत गेली. प्रवासात गडद रंग. कापड घ्यायचं ते दुकानातच मुठीत दाबून बघायचं, चुरगळलं की परत. कोट बॅगेत नाही, अंगावर. जड बूट पायात, हलकी चप्पल बॅगेत. कपड्यांची घडी न घालता घट्ट वळकटी करायची. ओढणी अशी, की विमानात थंडी वाजली तर शाल झाली पाहिजे. टेलरकडून तिने कोटाला आतून दोन मोठे खिसे शिवून घेतले होते. त्यांत चार्जर, औषधं आणि चिवड्याची पुडी बसायची. विमानातून उतरून ती थेट हॉस्पिटलात शिरली, तरी नुकतीच घरून निघाल्यासारखी दिसायची.

तिच्यासोबत बहुतेक वेळा विद्याधर रेगे असायचा. तो तिचा साहेब, बोरिवलीचा, वय पन्नाशीच्या आसपास. देखणा माणूस, आणि हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. दोन दिवसांच्या दौऱ्याला त्याला चार शर्ट लागायचे, दोन पँटी, काळे बूट, तपकिरी बूट, दोन्हींना जुळणारे बेल्ट आणि वाफेवर चालणारी एक छोटी इस्त्री. पूर्वी हे सगळं मोठ्या बॅगेत भरून तो सामानात टाकायचा. पण एकदा इंदूरला बॅगेची वाट बघत पट्ट्यापाशी पाऊण तास गेला आणि मीटिंग हुकली. तेव्हा ऑफिसच्या मुख्य रश्मी मॅडमनी नियम काढला: दोन दिवसांचा दौरा असेल तर बॅग हातातच न्यायची. आणि हातातल्या बॅगेला विमान कंपनीची मर्यादा सात किलोंची.

त्यानंतरच्या पहिल्याच दौऱ्यात काउंटरवरच्या मुलीने विद्याधरची बॅग काट्यावर ठेवायला सांगितली. नऊ किलो दोनशे.

त्याने मागे वळून पाहिलं. "दर्शना, तुझ्यात जागा असेल ना गं?"

"आहे सर," दर्शना म्हणाली. खोटं कसं बोलणार, बॅग अर्धी रिकामी दिसत होती. तपकिरी बूट तिच्या बॅगेत गेले.

पुढच्या वेळी त्याने विचारलंही नाही. विमानतळाच्या दारातच बूट आणि इस्त्री पिशवीत घालून तिच्या हातात दिली. असं दोन वर्षं चाललं. दर्शनाच्या कुर्त्यांना बुटांच्या पॉलिशचा वास येऊ लागला. आणि ऑफिसात मात्र सगळे म्हणायचे, रेगे सरांना बघा, छोटीशी बॅग, तरी दोन्ही दिवस कसे झकास!

"तू त्यांचे बूट वाहतेस?" तिच्या नवऱ्याने, आकाशने, एक दिवस विचारलं. तो महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायचा आणि त्याला सगळ्यावर साधा उपाय सुचायचा. "तुझी बॅग भर ना. आपला वरवंटा टाक. दोन किलोचा सहज असेल."

"आणि सिक्युरिटीला काय सांगू? नागपूरला वाटण करायला चाललेय?"

"मग सरळ नाही म्हण."

"तूच म्हणून बघ तुझ्या हेडमास्तरांना."

आकाशने वह्या तपासायला घेतल्या.

मार्चअखेर ऑफिसात नवी अकरा जणांची तुकडी आली. सगळे नाशिक, सांगली, अकोल्याकडचे. विमानात फारसं कोणी बसलेलं नव्हतं. एक जण पहिल्याच दौऱ्यावर शेरवानी घेऊन गेला, तेव्हा रश्मी मॅडमनी ठरवलं की यांना प्रवासाचं आणि पेहरावाचं कोणीतरी नीट शिकवायला हवं. "विद्याधर, तूच घे. मराठीतच सांग, मुलं मोकळी होतील."

विद्याधर खूश झाला. बाहेर येऊन तो दर्शनाच्या टेबलाशी थांबला. "अगं, सात-आठ स्लाइड करून दे ना. तुला माहीतच आहे मी कसं पॅकिंग करतो ते."

दर्शनाने मान वर केली. "म्हणजे तुम्ही जसं करता, तसंच लिहू सर?"

"अगदी तसंच."

तिने दोन संध्याकाळी बसून स्लाइड केल्या. पहिल्या पाच मनापासून केल्या. त्यांत तिच्या सात वर्षांचं सगळं शहाणपण होतं. सहावी करताना तिचा हात जरा थांबला. मग तिने ती लिहिली, आणि एकदा लिहिल्यावर सातवी आणि आठवी आपोआप सुचल्या. वाचून आकाश सोफ्यावर आडवा झाला. "दर्शू, नोकरी जाईल!"

"त्यांना आधी पाठवणार आहे मी. बघितलं तर म्हणतील, काढ. काढीन."

मंगळवारी तिने स्लाइड पाठवल्या. मिनिटभरात अंगठा आला. मिनिटभरात त्या उघडतसुद्धा नाहीत, हे तिला माहीत होतं. बुधवारी ती म्हणाली, "सर, एकदा बघून घ्या हं." गुरुवारी परत म्हणाली. "तू केलंय ना? मग बघायचं काय त्यात!" विद्याधर आरशासारख्या काचेत टाय सारखा करत म्हणाला. यापुढे आपण जबाबदार नाही, असं दर्शनाने ठरवून टाकलं.

शुक्रवारी मोठ्या खोलीत नवी तुकडी बसली. मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीत. दर्शना दाराजवळ उभी होती, गरज पडली तर पटकन सटकता यावं म्हणून. विद्याधर निळ्या सुटात आला. एकेक स्लाइड लावून तो रंगवून वाचत गेला. पाचव्या स्लाइडपर्यंत मुलं भराभर लिहून घेत होती. मॅडमनीही एक-दोनदा मान डोलावली.

त्याने सहावी स्लाइड लावली आणि त्याच खणखणीत आवाजात वाचली, "नियम सहावा. आपल्या बॅगेत न मावणारे बूट सहकारी महिलेच्या बॅगेत ठेवावेत. तिला विचारण्याची गरज नाही. तिने एकदा..." इथे आवाज थोडा बारीक झाला, "...आहे सर असं म्हटलेलं असतं."

लिहिती पेनं थांबली. मग मागे कोणीतरी खोकल्याचं नाटक करत हसलं.

पहिल्या रांगेत संघमित्रा नावाची मुलगी बसली होती, अकोल्याची, फार प्रामाणिक. तिने हात वर केला. "सर, सोबत महिला सहकारी नसेल तर पुरुषाच्या बॅगेत चालतात का?"

मग कोणालाच आवरेना. विद्याधरने सुटका म्हणून घाईघाईने पुढची स्लाइड लावली. ती आता त्याला वाचावी लागली नाही, सगळ्यांनीच वाचली: "नियम सातवा. बूट आणि इस्त्री दोन्ही एकाच व्यक्तीकडे देऊ नये. तिलाही हात दोनच असतात." आठवीवर फक्त एवढंच होतं: "या पद्धतीमुळे गेली दोन वर्षं विद्याधर सरांची बॅग सात किलोच्या आत आहे. धन्यवाद."

"विद्याधर," कोपऱ्यातून मॅडमचा आवाज आला, "कोणाच्या बॅगेत?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दर्शना सटकायची विसरली होती.

मॅडम ओरडल्या नाहीत. उठताना एवढंच म्हणाल्या, "यापुढे ज्याचं वजन त्याने उचलायचं. सगळ्यांनी." पण लिफ्टमध्ये शिरल्यावर त्या मोठ्याने हसल्याचं तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

दोन दिवस दर्शना हवेत होती. कँटीनमध्ये लोक तिला स्वतःहून चहा आणून देत. तिसऱ्या दिवशी तिने विद्याधरला एकटाच डबा खाताना पाहिलं आणि तिला कसंसंच झालं. तो तिच्याशी बोलत नव्हता. कामाचं तेवढं लिहून पाठवायचा, तेही शेवटी पूर्णविराम देऊन. आणि पुढचा नागपूरचा दौरा दोघांना मिळूनच करायचा होता.

एप्रिल संपत आला होता. दर्शना सांताक्रूझला विमानतळावर पोचली तेव्हा विद्याधर दारात उभा होता. हातात छोटी बॅग. पण तो स्वतः मात्र काहीतरी वेगळा दिसत होता. जाडजूड. चालतानाही गुडघे फारसे वाकत नव्हते. सकाळच्या आठ वाजताच घाम कानशिलावरून कॉलरमध्ये उतरत होता.

"सर, बरं वाटतंय ना?"

"उत्तम," तो म्हणाला. काउंटरवर त्याने कोणी न सांगताच बॅग काट्यावर ठेवली. सहा किलो नऊशे. त्याने दर्शनाकडे एक नजर टाकली आणि पुढे चालू लागला.

सिक्युरिटीशी जवान म्हणाला, "सर, कोट ट्रे में." विद्याधरने कोट काढला. आत बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर होता. तोही काढायला सांगितला. आत शर्ट, शर्टाच्या कॉलरमधून दुसऱ्या शर्टाची कॉलर डोकावत होती. कोटाच्या खिशांतून इस्त्री, अत्तर आणि टायची गुंडाळी निघाली. बेल्ट ट्रेमध्ये ठेवून तो मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून गेला, तर चौकट वाजली.

"बेल्ट?"

"काढला ना."

जवानाने हातातलं यंत्र कमरेशी धरलं. पुन्हा वाजलं. विद्याधर हळू आवाजात म्हणाला, "अंदर और एक पँट है. उसका बेल्ट है."

जवान अनुभवी होता, पण हे त्यालाही नवीन होतं. त्याने शेजारच्याला बोलावलं. शेजारच्याने तिसऱ्याला. मागे रांग वाढत चालली. पट्ट्यावरून विद्याधरचे पाच ट्रे एकापाठोपाठ बाहेर आले आणि लोक ओरडू लागले, "अरे, हा कोट कोणाचा? हा स्वेटर कोणाचा? ही इस्त्री?"

दर्शनाला हसू आलं नाही असं नाही. ते तिने गिळलं, पुढे होऊन पाचही ट्रे ओढले आणि कडेच्या बाकावर नेऊन रचले. विद्याधर मोज्यांवर चालत आला आणि शेजारी बसला. केस चिकटले होते. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. मग त्याचे खांदे हलू लागले. दर्शना घाबरली, पण तो हसत होता. "दोन पँटी, दर्शना! टॅक्सीत बसताच येईना. बोरिवलीपासून मी जवळजवळ झोपून आलो."

आता तीही मोकळेपणाने हसली. हसून झाल्यावर म्हणाली, "सर, सॉरी. स्लाइडबद्दल."

"सॉरी कसलं? दोन वर्षं मीच..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. "पण तू कसं जमवतेस ते खरंच सांग."

"उद्या काय घालणार ते आधी सांगा."

"ते तिथे गेल्यावर बघू."

"म्हणून चार शर्ट लागतात."

विद्याधर पायातले मोजे बघत राहिला. मग म्हणाला, पहिल्या नोकरीत तो कोल्हापूरला एका डॉक्टरांकडे गेला होता. शर्ट एकच, कॉलर विरलेली. डॉक्टर अर्धा तास त्याच्या सोबतच्या माणसाशीच बोलले, त्याच्याकडे बघितलंच नाही. मशीनची माहिती खरं तर विद्याधरलाच होती. "तेव्हापासून बॅग बंद करताना वाटतं, अजून एक असू दे."

दर्शनाने त्याची बॅग मांडीवर घेतली आणि उघडली. एक पांढरा, एक निळा शर्ट बाजूला काढून वळकट्या केल्या. मोजे काळ्या बुटांच्या आत भरले. तपकिरी बूट त्याने पायात घालावेत असं सांगितलं. विद्याधर स्वच्छतागृहात गेला आणि आतली पँट काढून, माणसासारखा चालत परत आला. शेवटी दोन शर्ट झाकायला घातलेला स्वेटर उरला. नागपुरात त्या दिवशी चव्वेचाळीस डिग्री होतं. तो मांडीवर घेऊनच विद्याधरला विमानात बसावं लागलं.

हॉस्पिटलात ज्या डॉक्टरांना भेटायचं होतं, ते रबरी चपलांत आणि विटक्या टी-शर्टात बाहेर आले. त्यांनी दोघांच्या कपड्यांकडे पाहिलंही नाही. "आमचं पाणी लय जड आहे. तुमच्या मशीनचा फिल्टर किती दिवस टिकते, ते सांगा आधी."

दर्शनाने आकडे सांगितले. डॉक्टरांचं समाधान होईना. मग विद्याधरने कोट खुर्चीवर टाकला, बाह्या वर सारल्या आणि पाण्याची टाकी कुठे आहे असं विचारलं. पुढचा दीड तास तो जिन्याखाली उकिडवा बसून पाइप तपासत होता. हॉस्पिटलच्या फिटरशी बोलून त्याने कागदावर नवी जोडणी काढून दिली. टाकीजवळच एक जास्तीचा फिल्टर बसवला की मशीनला धोका नाही. त्याला मशीनं इतकी कळतात, हे दर्शना विसरूनच गेली होती.

कागद बराच वेळ उलटसुलट बघून डॉक्टर म्हणाले, "ठेवून द्या एक मशीन. महिनाभर चालवून पाहतो." मग त्यांनी विद्याधरच्या गुडघ्यांवरची धूळ पाहिली आणि विचारलं, "जेवले काहून नाही अजून? चार वाजले."

कँटीनमध्ये फक्त तर्रीपोहे उरले होते. दोघांनी दोन-दोन प्लेट खाल्ल्या. झणझणीत तर्रीने विद्याधरचं नाक लाल झालं, तरी त्याने तिसरी मागवली.