आगळाच्या बाटलीतलं पाणी

कुवेतमधल्या जहराच्या त्या इस्पितळात समिधा नर्सला सगळेच थोडे टरकून असत. हात हलका, पण जीभ फार जड. त्या दिवशी दुपारी फरजाना नावाची बाई दोन वर्षांच्या मुलाला छातीशी धरून धावत आली. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं ब्लीच ते पोर प्यायलं होतं. डॉक्टर त्याला आत घेऊन गेले आणि बाहेर समिधाच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"बोतल पे नाम लिखने में क्या जाता है? पढ़ी-लिखी हो ना?"

फरजाना ओढणीत तोंड खुपसून रडत राहिली.

समिधा हात धुवायला वळली. सॅनिटायझरने तडकलेल्या बोटांना साबण झोंबला, आणि तिला घरची बाटली आठवली.

बोटांची ही गत बघूनच वॉर्डातल्या घानाच्या नर्सने, अबेनाने, तिला आपल्या आजीचा काळा साबण शिकवला होता. केळ्याच्या साली कडकडीत वाळवायच्या, जाळून राख करायची, ती पाण्यात भिजवून गाळायची. ते पाणी आटवून खोबरेल तेलाबरोबर शिजवायचं. तीन आठवडे समिधाने गॅलरीत साली वाळवल्या. कुवेतचं ऊन तेवढ्याच कामी आलं. ते पाणी आटलं की कातडी सोलतं, असं अबेनाने दोनदा बजावलं होतं.

काल ते आटून काळपट झालं. घट्ट झाकणाची काचेची बाटली हवी, म्हणून समिधाने ते सासूबाईंनी मालवणहून धाडलेल्या आगळाच्या, कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, रिकाम्या बाटलीत ओतलं. आगळाची बाटली टाकून देईल ती कोकणातली सून कसली? वरची चिठ्ठीही तशीच राहिली, सासूबाईंच्या ठसठशीत अक्षरातली: आगळ. आणि हाताने सवयीप्रमाणे ती फ्रिजच्या दारात ठेवली, आगळाच्या जागी.

नवरा तुळशीदास आज सुट्टी म्हणून घरी होता. तो पित्ताचा माणूस. दुपारच्या भातानंतर पेलाभर पाण्यात आगळ घालून प्यायल्याशिवाय त्याचं जेवण पुरं होत नसे. घड्याळात दीड वाजला होता.

तिने फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा लावला. सुपरवायझरला ती काय बोलली ते तिचं तिलाच कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून त्या बाईने जा म्हटलं. टॅक्सीत तिला आतल्या पोराच्या नाकातली नळी दिसत होती आणि नळीच्या टोकाला तुळशीदासचं तोंड. मी मारलं, आपल्या हाताने मारलं, एवढंच ती मनात म्हणत होती. सिग्नल काही केल्या सुटेना.

दार उघडताना किल्ली दोनदा पडली. स्वयंपाकघरात बाटली रिकामी, सिंकमध्ये आडवी. बाजूला पेला. सोफ्यावर तुळशीदास डोळे मिटून पडलेला. समिधा धावत त्याच्यापर्यंत गेली आणि त्याला गदागदा हलवू लागली.

"गे बाय माझे, झोपाक दी मगो," तो डोळे चोळत म्हणाला. "आगळ खराब झाला गो तुझा. मीठ किती हा ता बोटान चाखून बघतंय ना, तसा बघलंय. जिभेक चटकोच बसलो. सगळा ओतून टाकलंय."

तिने मोबाइलच्या उजेडात त्याची जीभ तपासली. शेंड्याला लाल ठिपका होता, बाकी काही नाही. तिने त्याला चार वेळा चूळ भरायला लावली आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडली.

"रडतंस कित्याक? माझी आवस मालवणसून दुसरा धाडतली."

"ता आगळ नव्हता," समिधा म्हणाली, आणि सगळं सांगितलं. तुळशीदासने सिंकमधली बाटली उचलून तिच्यावरची चिठ्ठी वाचली. मग नळ सोडून चाखलेलं बोट पुन्हा पुन्हा धुतलं.

चार वाजता ती वॉर्डात परतली. मुलगा झोपला होता. घसा वाचला, असं डॉक्टर सांगून गेले होते. समिधाला बघताच फरजाना धडपडत उभी राहिली.

"अब से हर बोतल पे नाम लिखूँगी, सिस्टर."

समिधाने तिला हाताला धरून खाली बसवलं आणि शेजारी बसली.

"मेरी बोतल पे नाम लिखा हुआ था," ती म्हणाली.