पत्र्याच्या शेडमागचं फूल

धोंडाबाईच्या शेडमागं माणसांची रीघ लागली होती. भूकंपाला नऊ महिने होत आले होते. वाचलेलं गाव पत्र्याच्या शेडांत राहत होतं, आणि तिथल्या भुईतून दोन दिवसांत जांभळं, भलंमोठं फूल वर आलं होतं. ना पान, ना फांदी. वास मात्र ढिगारे उपसलेल्या लोकांनी लगेच ओळखला. मढ्याचा.

भुजंग महाराज न बोलावता आले. त्यांना मेलेल्यांचं फार कळतं; मेलेले काही खोटं पाडायला येत नाहीत. धोंडाबाईचा मुलगा ढिगाऱ्याखाली गेला होता. त्यांनी तिचा हात फुलाला टेकवला. फूल खरंच कोमट होतं.

"तुझा सुदर्शनच हाय. ऊब बघ. बहिणीला जवळ ठेव म्हणतोय. वर्षभरात ती हितनं हलली, तर तिलाबी नेईल."

बहीण म्हणजे सुकन्या. दहावीला शहाऐंशी टक्के, आणि लातूरला अकरावीच्या प्रवेशाची मुदत शनिवारी संपत होती. तिला फुलासमोर बसवलं. दादाच्या आठवणीनं रडू येई आणि त्याच्याच नावानं आपल्याला कोंडलं म्हणून संताप येई. पळावं, तर ती जाऊ नये म्हणून मायनं अन्न सोडलेलं. पण बसून बसून तिला आठवलं, ही जागा आधी एकदा खणली होती.

तिसऱ्या दिवशी वास ओसरला. माझ्या अंगाऱ्यानं, असं महाराज म्हणाले. सुकन्या खुरपं घेऊन उठली. हात लावशील तर आग होईल, असं त्यांनी बजावलं. ती खणत राहिली आणि हाताला खाज सुटलीच. लोक मागं सरकले. तिनं चिंचेचा कोळ मागून हाताला चोळला, खाज उतरली. मग गड्डा उचलून मायपुढं ठेवला.

"माय, हा सुरण हाय. मदतीच्या ट्रकमधला."

कोकणातल्या बायांनी पोतंभर आणला होता, चिंच घालून शिजवा म्हणून सांगितलंही होतं. इथं कुणी ऐकलं नाही. घसे खाजले आणि उरलेला धोंडाबाईनंच तिथं पुरला, पुरून विसरूनही गेली. महाराज हे ऐकायला थांबले नाहीत. लघवीला म्हणून गेले ते गेलेच.

पुरता वाढलेला सुरण पानाआधी फुलतो. किडे यावेत म्हणून सडक्या मांसाचा वास सोडतो, तो पसरावा म्हणून तापतो, आणि चार दिवसांत कोमेजतो. बाबांनो, भुईतून नवल वर आलं, तर पाया पडण्याआधी खणून बघा.

"मंग माझा सुदर्शन?" धोंडाबाईनं विचारलं.

"तो न्हाई गं हितं."

नऊ महिन्यांत पहिल्यांदा ती पोटभर रडली. मग म्हणाली, "आन् लातूरला जमीन हलली तर?"

"हलली तर पळंन. पण मला हितं बसवून जमीन थांबती व्हय, माय?"

धोंडाबाई उठली आणि पेटीतून गुणपत्रिका काढून आणली.