एकट्या चेहऱ्याचा फ्लेक्स

पुरस्काराची मेल आली तेव्हा मी भेंडी चिरत होते. दिल्लीचा पुरस्कार, मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी देशातला सगळ्यात मोठा मानतात तो. कुणाला तरी सांगायचं म्हणून मी सुरी हातात घेऊनच दार उघडलं. समोरच्या फ्लॅटला कुलूप. जिन्यात संध्याकाळचा दूधवाला भेटला, त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आरं वा! मॅडम, उद्यापास्नं अर्धा लिटरच ना?" हो म्हटलं आणि दार लावून घेतलं.

बारामतीत मी एकटीच राहते. घरात एक टेबल, रंगांचे डबे आणि मी. भाऊ इंदापूरला साखर कारखान्यात आहे, त्यानं मोबाइलवर अंगठा पाठवला. प्रकाशकानं फुलांचा गुच्छ पाठवला, तोही मोबाइलवरच. दोन दिवस फोन टुणटुणत राहिला, पण 'पुस्तक दाखव बरं' असं एकानंही म्हटलं नाही. मला रागही आला आणि रडूही आलं. कोणतं आधी ते आता आठवत नाही.

मग आमच्या वॉर्डातल्या एका होतकरू पुढाऱ्यानं चौकात माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. त्यात तो स्वतः डोक्यापासून पायापर्यंत, हात जोडून. वर त्याचे नेते, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या तीन रांगा. मी कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी, आणि माझ्या नाकावर कुणाच्या तरी फेट्याचा तुरा आलेला. भाजीवाली म्हणाली, "ताई, तुमी हाय का ह्यात?" त्याच दिवशी मी ठरवलं. जिचे आभार मानायचे, तिचा फ्लेक्स मी लावणार. आणि त्यावर फक्त तिचा चेहरा असणार.

ती म्हणजे छबूआत्या. माझं लहानपण सुप्याचं. छबूआत्या आमच्या शेजारी राहायची. नवऱ्यानं टाकलेली, मूलबाळ नाही, माहेरच्या गावात परत आलेली, म्हणून सगळ्या गावाची आत्या. आत्या म्हणायला सगळे, पण हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवायचं नाही. तिच्या घराची एक मोठी पांढरी भिंत रस्त्याकडे होती. मी सात वर्षांची असताना चुलीतला कोळसा घेऊन त्या भिंतीभर हरणं काढली. सुप्याच्या माळावर दिसायची तशी, काटकुळ्या पायांची. वडिलांनी मला दोन ठेवून दिल्या आणि भिंत पुसायला बादली आणली. छबूआत्या आडवी आली. "भित माजी हाय," म्हणाली, "तुमचं काय जातंय?" मग बराच वेळ हरणांकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, "माधे, हरनं काढलीस, पन पानी कुठं हाय? तहानंनं मरतील की." मी नाक पुसत खाली एक हौद काढला.

दिवाळी आली. घराघराला चुन्याचा पोचारा द्यायची धांदल सुरू झाली. छबूआत्या चुन्याची बादली घेऊन आमच्या दारात आली आणि मला, सात वर्षांच्या पोरीला विचारलं, "माधे, पुसू का?"

मी मान डोलावली. "मंग पुडल्या साली दुसरं काढ," म्हणाली आणि गेली. पुढं दर दिवाळीला तिनं विचारलं. एकदा मी नाही म्हटलं, तर त्या वर्षी अख्ख्या आळीत तिचीच भिंत काळी राहिली. आज माझ्या चित्रांचे रंग बदलताना मोठमोठे संपादक मला विचारत नाहीत. ज्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला, ते पाणी शोधणाऱ्या हरणाचंच आहे. मग दुसऱ्या कुणाचे आभार मानायचे?

पुढं रस्ता रुंद झाला, भिंत गेली, घरही गेलं. छबूआत्या गावाबाहेर माळावर पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायला गेली. वर्षातून दोनदा मी जायची. तिच्याकडे दुसरं कुणी आल्याचं मी पाहिलं नाही. गावानं तिचा चेहरा भर चौकात, मोठ्ठा, एकदा बघावा, आणि आपल्याला कुणीतरी मोजतं हे तिनं जिवंतपणी बघावं, एवढंच मला हवं होतं.

तिचा फोटो नव्हता. मी शाईनं तिचं चित्र काढलं. कपाळावरचं गोंदण, डोळ्यांजवळच्या रेषा, डोईवरचा पदर. बाकी सगळं पांढरं सोडलं. फुलं नाहीत, झालर नाही, सोनेरी अक्षरं नाहीत. खाली एकच ओळ: छबूबाई, तुमचे ऋण कधीही फिटणार नाही. — माधवी.

फ्लेक्स छापणाऱ्या अबरारनं चित्र स्क्रीनवर लहानमोठं करून पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम, बाकीचे फोटो?"

"नाहीत."

"शुभेच्छुक?"

"नाहीत."

"निदान रंग तरी टाकू की थोडा. निळा, गुलाबी. आसं बरं दिसत न्हाय, ऐका माजं."

मी चिडले. चित्रकार मी का तू, असं म्हणाले नाही, पण चेहऱ्यावर ते आलं असणार. त्यानं खांदे उडवले. आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी त्याची माणसं सुप्याच्या चौकात फ्लेक्स लावून आली.

बाजाराच्या दिवशी पुस्तक आणि दिल्लीहून आलेली शाल पिशवीत घालून मी एसटीनं सुप्याला गेले. छबूआत्याला रिक्षात घालून चौकात आणायचं, तिचा चेहरा तिला दाखवायचा आणि सगळ्यांदेखत शाल तिच्या खांद्यावर टाकायची, असा बेत होता. उतरले तर फ्लेक्सखाली घोळका. पुरुषांनी टोप्या काढलेल्या. फ्लेक्सला झेंडूचा हार, खाली विटेच्या फटीत उदबत्त्या. आमच्या जुन्या आळीतली सिंधुबाई मेथीच्या जुड्या टाकून पदरानं डोळे पुसत होती.

"छबू गेली गं माधे," ती म्हणाली.

म्हणजे एका दिवसानं हुकलं, एवढंच मनात आलं. "कधी? कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? हे काय, लावलंय की!" सिंधुबाईनं फ्लेक्सकडे बोट केलं.

मी वर पाहिलं. मग आजूबाजूला पाहिलं. वाढदिवस, निवड, नियुक्ती, लग्न, सगळीकडे रंग आणि चेहऱ्यांची दाटी. आमच्याकडे जिवंत माणूस फ्लेक्सवर एकटं कधीच नसतं. एकटं असतं ते गेलेलं माणूस. त्यात चेहरा काळापांढरा आणि खाली न फिटणारं ऋण. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. "अहो, आत्या जिवंत आहे! हे मीच लावलंय, आभाराचं!" मी ओरडले. एकजण म्हणाला, "पोरीला लई लागलंय," आणि मला बसायला पोतं दिलं.

रिक्षा करून मी माळावर गेले. वाटेत चारसहा जण परत येताना दिसले, मान खाली घालून, भराभर. पत्र्याच्या घरापुढं अंगण रिकामं होतं. छबूआत्या बाजेवर बसली होती. ठेवणीतलं लुगडं नेसलेली.

"आत्या, चुकलं माझं," मी म्हणाले आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. ती हसायला लागली.

"आगं, तुजा त्यो फ्लेक्स बगून मगापास्नं रीघ लागलीया. पयला आला त्यो मलाच इचारतो, माती कितीला हाय म्हनून. म्हनलं, कुनाची? तर म्हनतो, छबूबाईची." हसता हसता तिला ठसका लागला. "कोन कोन आलं म्हनून सांगू! म्हाळसा आली. आगं, आमच्या बांधाला बांध हाय, पन इतक्या वर्सांत माज्या दारात ती पयल्यांदा आली. रडतच आली. मंग मी दिसले."

"मग?"

"मंग काय? 'बरं झालं बया, जित्ती हाईस,' म्हनली आन निगाली. बाजार व्हता तिला. समदे तसंच. च्या टाकते म्हनलं तर कोन थांबंना. मेले आस्ते तर दिसभर बसले आस्ते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्हनून लुगडं बदाललं म्या. आजून कोन यील म्हनून."

मी पिशवीतली शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली. तिनं ती चाचपून बघितली, घडी करून उशाला ठेवली. मग पुस्तक दिलं. तिला वाचता येत नाही. एकेक पान उलटत, बोटानं हरणाचे पाय मोजल्यासारखं करत ती शेवटच्या पानावर आली. तिथं हौद आहे, काठोकाठ भरलेला.

"पानी काडलंस व्हय," ती म्हणाली. "बरं केलंस."

दिल्लीच्या मेलमधला एकही शब्द माझ्या इतका आत गेला नव्हता.

तेवढ्यात अबरारचा फोन आला. "मॅडम, सुप्यात लई घोळ झालाय म्हनं. मी सांगत व्हतो ना? उतरवून टाकू का? रंगीत करून देतो, बाजूनं धा-बारा फोटो टाकू, मंग कोन मरत न्हाय."

मी फोन कानापासून बाजूला धरला. हे तिला विचारल्याशिवाय ठरवायचं नव्हतं, ते तिनंच मला शिकवलं होतं.

"आत्या, फ्लेक्स उतरवू का?"

ती गावाकडून येणाऱ्या वाटेकडे बघत राहिली. वाटेवर कुणी नव्हतं.

"नगं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे आजून चार दिस. समद्यांनी कुठं पाह्यलाय? कोन कोन यील तरी."

राहू दे, असं मी अबरारला सांगितलं. छबूआत्या चहा टाकायला उठली. आम्ही दोघीच होतो, पण चुलीवर तिनं मोठं पातेलं ठेवलं.