बाई, यांना सांगा

शेवटी आमचे आई-बाबा एकमेकांशी बोलले.

हे झालेलंच नाही असं धरून पुढे चालावं. घरात ती दोघंही तसंच धरून चालली आहेत. मी त्यांच्याच घरात राहतो, त्यांच्याच हातचं जेवतो, त्यामुळे मला वेगळं मत परवडत नाही.

तर आमचे आई-बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. कारण फ्रिज. तो घरी आला तेव्हा त्याचं दार कुठल्या बाजूला उघडावं यावर चर्चा झाली. बाबा लिफ्टदुरुस्तीतले, त्यामुळे दारांच्या बाबतीत आपला शब्द अखेरचा असं ते समजत. त्यांनी दार भिंतीकडे उघडेल असं बसवलं, म्हणजे जायची-यायची वाट मोकळी. आई म्हणाली, "वाट मोकळी राहील हो, पण दूध बाहेर कसं काढायचं?" बाबा म्हणाले, "जरा वाकायचं." या वाक्यावर अबोला पडला. पुढे तो फ्रिज भंगारात गेला, नवा आला, त्याचं दार आईला हवं तसं उघडतं. अबोला मात्र जुन्या फ्रिजच्या नावावर चालूच राहिला.

आता संसार म्हटला की निरोप असतातच. त्यासाठी घरात रेडिओ होता.

आमच्या गावात मंद संगीत लावणारं एक रेडिओ केंद्र आहे. त्यावर कुणाची झोपमोड होणार नाही असं संगीत दिवसभर चालतं. संध्याकाळी एक निवेदिकाबाई असतात. बाईंची पद्धत ठरलेली. एक धून संपली की त्या वेळ सांगायच्या, मग म्हणायच्या, "काय म्हणता?" आणि मग चांगला वेळ गप्प. त्या गप्प असताना 'टप' असा हलका आवाज यायचा. मग पुढच्या धुनेचं नाव.

त्या मोकळ्या जागेत आमचा संसार चालायचा.

"बाई, यांना सांगा, रक्तदाबाची गोळी राहिलीय," आई कणीक मळता मळता रेडिओला म्हणायची.

"बाई, हिला सांगा, घेतली," बाबा आतल्या खोलीतून.

"बाई, रिकामं पाकीट दाखवायला सांगा."

"बाई, हिला म्हणावं, मी काय शाळेत आहे का?"

टप. पुढची धून. धून संपेपर्यंत दोघंही गप्प, कारण मध्ये बोलणं शिष्टाचाराला धरून नव्हतं. आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. तिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेलं. मधला माणूस असला की बोलणं पुढे सरकतं, हे तिला खात्यातच कळलं होतं. 'टप' म्हणजे बाई चहाचा कप खाली ठेवून आपलं ऐकतात, अशी तिची पक्की समजूत. "आजकाल कोण कप ठेवतं रे कुणासाठी?" असं मला ऐकवायची. हा टोमणा माझ्यासाठी असायचा. मी फोन बघत जेवतो.

मी त्याच केंद्रात ध्वनियंत्रावर बसतो. त्यामुळे मला माहीत होतं की कप नाही, चष्मा आहे. बाईंना दोन चष्मे. लांबचा लावून त्या भिंतीवरचं घड्याळ बघत. मग वेळ सांगून, "काय म्हणता?" म्हणून तो काढत, डबीत ठेवून डबी टपकन मिटत, आणि जवळचा शोधत. जवळचा बहुतेक वेळा कागदाखाली असायचा आणि कागद वाचायला जवळचा चष्मा लागायचा, त्यामुळे जरा वेळ जाई. तो सापडला की काचा पुसून पुढचं नाव वाचत. हे मी घरी कधी सांगितलं नाही. चालू लिफ्टमध्ये कुणी दोराच्या गप्पा मारू नयेत, असं बाबाच म्हणतात.

मग केंद्राला नवे साहेब आले. साहेब आधी गाद्यांच्या कंपनीत होते. लोकांना आराम कसा द्यायचा हे त्यांना कळतं, असं वर कुणाला तरी वाटलं असावं. पहिल्याच बैठकीत त्यांनी काळजीचा मुद्दा मांडला.

"आपले बहुतेक श्रोते साठीच्या पुढचे आहेत. आणि दरवर्षी एकेक वर्षानं त्यांचं वय वाढतंय."

यावर कुणाकडेच उपाय नव्हता.

"पण हे लोक आपलंच केंद्र का ऐकतात?" साहेबांनी विचारलं.

"जुन्या आठवणी," जाहिरातवाले म्हणाले.

"आपण जुनी गाणी लावतच नाही," मी म्हणालो. "गाणीच लावत नाही. बासरी आणि पाण्याचा आवाज लावतो."

"मग पाण्याच्या आठवणी," जाहिरातवाले म्हणाले. ते जाहिरातीत का आहेत ते मला तेव्हा कळलं.

साहेबांनी तो प्रश्न फळ्यावर लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. त्याचं उत्तर आमच्या स्वयंपाकघरात होतं, पण ते मला तेव्हा उत्तर वाटत नव्हतं. आमच्या घरात वेडेपणा आहे एवढंच वाटायचं, आणि तो माणूस बैठकीत सांगत नाही.

थोड्या दिवसांनी बाईंचा वाढदिवस आला. साहेब मनानं चांगले. चष्म्यांची ओढाताण त्यांनी काचेपलीकडून बघितली होती. सगळ्यांनी मिळून बाईंना नवा चष्मा दिला, वरच्या भागातून लांबचं आणि खालच्या भागातून जवळचं दिसणारा. बाईंनी तो लावला, घड्याळाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, पुन्हा घड्याळाकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. केक कापला. घात झाला तो असा, टाळ्यांच्या गजरात.

त्या संध्याकाळी बाई म्हणाल्या, "सहा वाजून दहा मिनिटं, काय म्हणता, आता ऐकू या पहाटेचं तळं." सगळं एका दमात.

दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले.

"बाईंना कुठं जायची घाई आहे का?"

"बाई रागावल्यात का आमच्यावर? तसं असेल तर सांगा, आम्ही काय बोललो ते."

एका आजोबांनी नुसतंच विचारलं, "माझं अर्धंच झालं होतं. उरलेलं कुणाला सांगू?"

"कशाचं अर्धं?" मी विचारलं.

"गुडघ्याचं," ते म्हणाले, आणि तिथून पुढचं मला सांगितलं. दुसरा गुडघा निघेपर्यंत मी फोन धरून होतो.

साहेब हादरले. फळ्यासमोर उभं राहून म्हणाले, "यांना नक्की काय ऐकू येत नाहीये?"

"ते ऐकायला येतच नाहीत साहेब," मी म्हणालो. "बोलायला येतात. बाई 'काय म्हणता' विचारतात आणि थांबतात. जगात आणखी कुणी थांबत नाही."

"आणि तरुण?"

"त्यांच्याकडे बोलायला माणसं असतात. किंवा नसतात, हे त्यांना अजून कळलेलं नसतं."

साहेबांनी खडू उचलला. मग प्रश्नाखाली उत्तर म्हणून 'थांबणे' असं लिहिलं, आणि त्याच्याही खाली दोन रेघा मारल्या.

इकडे घरी परिस्थिती बिघडली होती. आई "बाई, यांना सां—" एवढं म्हणेपर्यंत बासरी सुरू व्हायची. बासरीत बोलायचं नाही हा नियम. गोळीची चौकशी होईना. बाबांना ती रोज आईनं विचारल्यावरच आठवायची, त्यामुळे पाकीट होतं तसंच राहिलं. आई ते पाकीट ताटाशेजारी ठेवायची. बाबा ते उचलून खिडकीत ठेवायचे, कारण ते ताटाशेजारी कशासाठी ठेवलंय ते कुणी सांगितलेलं नव्हतं. बाबांचा चेहरा लाल दिसायला लागला. आई रेडिओकडे असं बघायची की जणू त्यानं सासरचं नाव घालवलंय.

"तुझ्या केंद्रात जरा माणुसकी असेल तर बघ," ती मला म्हणाली.

"तू सरळ विचार ना त्यांना, गोळी घेतली का म्हणून."

"मी? यांना?" जणू मी तिला शेजारच्या माणसाचा हात धरायला सांगितलं होतं.

मी साहेबांकडे गेलो. बाईंना जुना चष्मा परत द्या म्हणालो. बाईंनी साफ नकार दिला. "इतक्या वर्षांनी मला घड्याळ आणि माणूस एकदम दिसतंय. वीस वर्षं समोर बसतोस, तुला एवढा मोठा तीळ आहे हे मला आत्ता कळलं," असं त्या मला म्हणाल्या. मी तिथे तीन वर्षांपासून आहे. वीस वर्षं बसायचे ते वेगळे होते.

"मग जरा थांबत जा ना," साहेब म्हणाले.

"कशासाठी थांबू? सगळं दिसतंय की."

प्रयत्न म्हणून त्या थांबल्याही. पण रिकाम्या हातांनी थांबायचं कसं हे त्यांना जमेना. एक-दोन अंक मोजल्यासारखं करून त्या घाईनं पुढचं नाव वाचून टाकत. तेव्हा साहेबांनी यंत्रावर उपाय काढला. "काय म्हणता" झालं की माईक आपोआप बंद, ठरावीक वेळानं आपोआप चालू. बटण मीच बसवलं. कागदावर ही कल्पना बिनचूक होती. फक्त त्या शांततेत काहीच नव्हतं. खुर्ची करकरत नव्हती, कागद हलत नव्हता, डबी मिटत नव्हती. लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली की आत जशी शांतता होते, तशी.

त्या संध्याकाळी माझी सुट्टी होती. मी जेवणाच्या टेबलावर होतो. आई भाजी चिरत होती. बाबा पेपर वाचत होते.

"सहा वाजून दहा मिनिटं. काय म्हणता?" बाई म्हणाल्या, आणि रेडिओ मेला.

आई तोंड उघडून थांबली. तिला पलीकडे कुणी आहे असं वाटेना. बाबांनी पेपर खाली ठेवला. उठून रेडिओला दोन थापट्या मारल्या. रेडिओ कपाटाच्या वर होता आणि त्याची तार छताजवळच्या खिळ्याला. बाबांचं लगेच निदान, "वायर सुटलीय." त्यांनी स्टूल ओढलं. हे स्टूल म्हणजे ज्याचा एक पाय आखूड आहे आणि जे फेकायला सगळ्यांनी अनेकदा होकार दिलेला आहे. बाबा वर चढले. चेहरा लाल. एक हात कपाटाला, एक वर तारेला. आणि बघता बघता कपाटावरचा हात सुटून कपाळावर गेला.

स्टूल डुगडुगलं.

"बाई, यांना सांगा—" आई म्हणाली.

पण बाई नव्हत्या. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. सुरी खाली ठेवली, एका झेपेत स्टुलाशी गेली, त्याचे पाय धरले आणि वर बघून म्हणाली, "अहो, उतरा."

"उतरतोय," बाबा म्हणाले.

"हळू."

"हळूच उतरतोय."

"गोळी घ्या आधी."

"देतेस का?"

तिनं दिली. पाणीही दिलं. रेडिओत जीव आला, बासरी सुरू झाली, आणि दोघंही विजेचा झटका बसल्यासारखी एकमेकांपासून लांब झाली.

मी म्हणालो, "तुम्ही बोललात."

"कोण?" आई म्हणाली. "मी स्टुलाशी बोलले."

"स्टुलाला अहो म्हणतेस?"

"जुनं आहे. मान ठेवायला नको?"

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मी कुणाला उत्तर दिलेलं नाही. उतरताना माणूस 'उतरतोय' म्हणतोच. लिफ्टमध्येही म्हणायचो."

"आणि 'देतेस का'?"

"ते तुला म्हणालो."

"मला देतेस म्हणता?"

"डोकं गरगरत होतं," बाबा म्हणाले आणि पेपर उघडला. तो उलटा होता. आईनं तो बघितला, सांगावंसं वाटलं, आणि गिळलं.

तेव्हापासून निरोपांचं काम माझ्याकडे आलं आहे. "अरे, यांना सांग." "अरे, हिला सांग." मी आंघोळीला गेलो तर दाराबाहेरून. मी नोकरीवर गेलो तर फोनवर, एकाच खोलीतून, आधी एकाचा फोन, मग दुसऱ्याचा. गोळी मात्र चुकत नाही. आई ती आता ताटाशेजारी न ठेवता बाबांच्या तळहातावर ठेवते. हात पुढे करणं म्हणजे बोलणं नव्हे, असं दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं.

केंद्रात अजून फोन येतात. यंत्रावरची शांतता साहेबांनी काढून टाकली. बाई खूश आहेत आणि वेगात आहेत. मला मात्र दोन ठिकाणी ड्युटी झेपत नाही, म्हणून आज दुपारी साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवून आलो. मजकूर आई-बाबांनी सांगितला. एका ओळीनंतर एक, आळीपाळीनं, दोघंही माझ्याकडे बघत. सही करताना एकच पेन होतं. ते एकानं दुसऱ्याला माझ्या हातातून न जाऊ देता दिलं.

अर्ज असा:

महोदय, आम्ही उभयता आपले जुने व नियमित श्रोते आहोत. आपल्या केंद्रातील सुधारणांमुळे आमच्या घरातील दळणवळण ठप्प झाले असून एकदा आणीबाणीच्या प्रसंगी थेट संभाषणही घडल्याचा आरोप आमच्यावर आहे, जो आम्ही दोघेही एकमताने नाकारतो. तरी सदर निवेदिकाबाईंची सेवा रोज संध्याकाळी भाजी चिरण्याच्या वेळेत आमच्या स्वयंपाकघराकडे प्रतिनियुक्तीने वर्ग करण्यात यावी. त्यांनी काही बोलण्याची आवश्यकता नाही. त्यांनी आमच्या दोघांच्या मधोमध खुर्चीवर बसून, आमचे म्हणणे पूर्ण होईपर्यंत, कशातही न गुंतता थांबावे. खुर्ची आम्ही देऊ.